४१ किलोमीटर उंचीवरची हवा : हैदराबादच्या फुगा-प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

१६ मार्च २००९ रोजी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजे इस्रोने, एक निवेदन प्रसिद्ध केले. हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरून जी हवा खाली आणली, तीत जिवाणूंच्या तीन अशा प्रजाती सापडल्या, ज्यांची पृथ्वीवर आजवर नोंद नव्हती आणि ज्या अतिनील किरणांपुढे आपल्या जवळच्या नातलगांपेक्षा कितीतरी अधिक तग धरतात, असा त्या निवेदनाचा आशय होता. हे सूक्ष्मजीव पृथ्वीबाहेरून आले असल्याचे या अभ्यासातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, मात्र जीवसृष्टीच्या उगमाचा शोध चालू ठेवण्यास त्यातून उत्तेजन मिळते, हेही त्याच निवेदनात स्पष्ट लिहिलेले होते. लोकांच्या स्मरणात पहिला भाग राहिला. आजही या प्रयोगाचा विषय निघाला, की ‘आपल्या शास्त्रज्ञांनी अवकाशातले जिवाणू शोधले होते ना?’ असा प्रश्न येतो, आणि त्याला ‘होय’ म्हणणे जितके चुकीचे तितकेच ‘छे, ती नुसती अफवा होती’ म्हणणेही चुकीचे आहे.

या प्रकरणाचा अभ्यास करण्याजोगा भाग मला वेगळाच वाटतो. प्रयोग ज्या प्रश्नासाठी केला आणि प्रयोगाने ज्या प्रश्नाचे उत्तर दिले, ते दोन प्रश्न वेगळे होते. आणि दुसऱ्याचे उत्तर शोधण्याची जी रीत होती, तिनेच पहिल्याचा पुरावा पुसला जात होता. हे कसे घडले, ते नीट समजून घेण्यासाठी प्रयोगामागच्या कल्पनेपासून सुरुवात करावी लागते.

कल्पना कोठून आली

पृथ्वीवरची जीवसृष्टी पृथ्वीवरच निर्माण झाली नसून तिचे बीज अवकाशातून आले, या मताला पॅनस्पर्मिया म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी त्याला शास्त्रीय रूप दिले. ताऱ्यांच्या प्रकाशाच्या दाबाने सूक्ष्म बीजाणू एका ग्रहमालेतून दुसरीकडे ढकलले जात असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९७०च्या दशकापासून केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल आणि त्यांचे श्रीलंकेत जन्मलेले विद्यार्थी व सहकारी चंद्रा विक्रमसिंघे यांनी ही कल्पना नव्याने उचलून धरली. तारकांमधल्या धुळीचा वर्णपट सेंद्रिय पदार्थांशी जुळतो, इथपासून त्यांचा युक्तिवाद सुरू झाला आणि धूमकेतूंमधून जिवंत सूक्ष्मजीव पृथ्वीवर आजही पडत आहेत, इथवर तो गेला. यातला पहिला टप्पा आज बहुतेकांना मान्य आहे. ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे २८ सप्टेंबर १९६९ रोजी पडलेल्या उल्कापाषाणात सत्तरहून अधिक प्रकारची अमिनो आम्ले सापडली आहेत. शेवटचा टप्पा मात्र फार थोड्यांना मान्य आहे.

हॉयल यांचे विश्वविषयक मत या ठिकाणी विसरून चालत नाही. विश्वाला आरंभ नाही, ते नेहमीच असे होते, या स्थिर स्थिती सिद्धांताचे ते एक जनक. आरंभ नसलेल्या विश्वात जीवनालाही आरंभ असण्याची सक्ती राहत नाही. जीवन कोठेतरी आहेच, ते फक्त इकडून तिकडे जाते, असे म्हणण्याची सोय होते. महास्फोट मानणाऱ्या वैज्ञानिकाला अशी सोय नाही. त्याच्या दृष्टीने पॅनस्पर्मिया हे उगमाचे उत्तर नसून फक्त उगमाचा पत्ता बदलणे आहे, कारण पृथ्वीवर नाही तर दुसरीकडे कोठेतरी निर्जीव रसायनांतून पहिली पेशी घडलीच पाहिजे. तरीही पत्ता महत्त्वाचा असतो. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या खडकांमधल्या जीवनाच्या खुणा सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या. म्हणजे पृथ्वी थंड होऊन तीवर समुद्र साचल्यानंतर जीवनाला फार उशीर लागलेला दिसत नाही. ही घाई कशी साधली, याचे एक शक्य उत्तर म्हणून पॅनस्पर्मियाकडे पाहता येते.

कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर हे केंब्रिजमध्ये हॉयल यांचेच विद्यार्थी. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचे संस्थापक संचालक म्हणून ते महाराष्ट्राला घरच्यासारखे परिचित होते. गुरूच्या मताला अभ्यासाची कसोटी लावायची तर नुसता वाद घालून भागणार नाही, वर जाऊन पाहिले पाहिजे, ही या प्रयोगामागची भूमिका होती. नारळीकर प्रमुख संशोधक, इस्रोचे यू. आर. राव आणि हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राचे, म्हणजे सीसीएमबीचे, संस्थापक पुष्पमित्र भार्गव हे मार्गदर्शक, त्याच केंद्रातले एस. शिवाजी आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले, म्हणजे एनसीसीएसमधले, योगेश शौचे हे जीवशास्त्राची बाजू सांभाळणारे, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे रवि मनचंदा फुग्याच्या केंद्राचे प्रमुख आणि इस्रोचे सी. बी. एस. दत्त प्रकल्प संचालक, अशी ही मंडळी होती. आयुका आणि एनसीसीएस पुणे विद्यापीठाच्या एकाच आवारात आहेत. खगोलशास्त्रज्ञ आणि जिवाणूतज्ज्ञ यांना एकमेकांकडे चालत जाता यावे, ही गोष्ट अशा प्रयोगात लहान नाही.

हवा पकडायची कशी

कसोटीचे तत्त्व सोपे आहे. जमिनीवरचे जिवाणू वाऱ्याबरोबर वर जातात, पण हवामानाची सगळी घुसळण खालच्या थरात, उष्ण कटिबंधात साधारण १७ किलोमीटरपर्यंत, चालते. त्याच्या वरचे स्थितांबर नावाप्रमाणे स्थिर आहे. तेथे वर जाल तसे तापमान वाढते, त्यामुळे खालची हवा वर चढत नाही. म्हणजे स्थितांबराच्या वरच्या भागात जिवंत पेशी सापडल्या, तर त्या खालून आल्याची शक्यता कमी आणि वरून आल्याची अधिक, असा तर्क लावता येतो. ४१ किलोमीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीनशेव्या भागाहूनही कमी असतो, आणि ओझोनचा दाट थर खाली राहिल्यामुळे सूर्याच्या अतिनील किरणांना अडवणारे फारसे काही उरत नाही.

अडचण अशी, की इतकी विरळ हवा पुरेशा प्रमाणात गोळा करायची आणि ती करताना आपल्याच अंगावरचे, यंत्रावरचे, फुग्यावरचे जंतू तीत मिसळू द्यायचे नाहीत. यासाठी जे उपकरण वापरले, ते या प्रकरणातला मला सर्वांत देखणा भाग वाटतो. निर्वात केलेल्या आणि निर्जंतुक केलेल्या पोलादाच्या सोळा नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या होत्या. द्रव निऑनचे तापमान शून्याखाली २४६ अंश सेल्सिअस असते. या तापमानाला नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही गोठतात. ठरलेल्या उंचीवर नळीची झडप उघडली, की आत शिरलेली हवा भिंतींवर बर्फासारखी जमते, आतला दाब पुन्हा शून्याजवळ जातो आणि बाहेरची आणखी हवा आपोआप ओढली जाते. पंप नाही, पंख्याची पाती नाहीत, वंगण नाही. हवेला ओढून घेण्याचे काम थंडीच करते. झडप बंद झाल्यावर नळी खाली येते, हवा वितळते, आणि विरळ वातावरणातल्या कितीतरी मोठ्या आकारमानातली हवा एका नळीत कोंडलेली हाती लागते.

२० एप्रिल २००५ रोजी हे उपकरण घेऊन जो फुगा वर गेला, त्याचे आकारमान २ कोटी ६७ लाख घनफूट होते. त्याखाली ४५९ किलोग्रॅमचे उपकरण आणि त्याला थंड ठेवणारे ३८ किलोग्रॅम द्रव निऑन होते. २० पासून ४१ किलोमीटरपर्यंतच्या वेगवेगळ्या उंचीवर नळ्या भरल्या गेल्या, उपकरण हवाई छत्रीने खाली उतरले, आणि नमुने हैदराबादच्या सीसीएमबीत व पुण्याच्या एनसीसीएसमध्ये, दोन्ही ठिकाणी, तपासले गेले.

हा दुसरा प्रयत्न होता. पहिला फुगा २० जानेवारी २००१ रोजी गेला होता. त्या वेळचे काही नमुने ब्रिटनमध्ये तपासले गेले आणि ४१ किलोमीटरच्या हवेत जिवंत पेशींना रंगवणाऱ्या चमकत्या रंगाने पेशींचे पुंजके दिसले. त्याच वर्षाच्या जुलैमध्ये विक्रमसिंघे यांनी हे निष्कर्ष मांडले आणि अशा हिशेबाने संपूर्ण पृथ्वीवर दिवसाला एक तृतीयांश टन जैविक पदार्थ अवकाशातून पडत असला पाहिजे, असा अंदाज वर्तवला. हॉयल त्यानंतर महिन्याभरात, २० ऑगस्ट २००१ रोजी, वारले. पुढे त्याच हवेतून दोन जिवाणू आणि एक बुरशी वाढवण्यात यश आले. जिवाणू होते बॅसिलस सिम्प्लेक्स आणि स्टॅफिलोकॉकस पाश्चुरी. दोन्ही पृथ्वीवर परिचित. दुसऱ्याचे भाईबंद तर माणसाच्या त्वचेवर राहतात. प्रयोगशाळेत कोणाच्या हातावरून ते आले नसतील कशावरून, हा प्रश्न लगेच उभा राहिला आणि तो रास्त होता. इस्रोने प्रयोग पुन्हा, अधिक काटेकोर दक्षता घेऊन, करायचे ठरवले ते यामुळेच. पहिला निकाल मनासारखा आलेला असतानाही त्यावर न थांबता चार वर्षांनी पुन्हा खर्च आणि खटाटोप करणे, हा या गटाच्या प्रामाणिकपणाचा पुरावा आहे, असे मी मानतो.

काय हाती लागले

२००५च्या नमुन्यांमधून एकूण बारा जिवाणूंच्या आणि सहा बुरशींच्या वसाहती वाढल्या. जिवाणूंपैकी नऊ जणांच्या ओळखपत्राचा, म्हणजे १६एस आरएनएच्या जनुकाचा, क्रम आधी माहीत असलेल्या प्रजातींशी ९८ टक्क्यांहून अधिक जुळला. उरलेले तीन नवे ठरले. पीव्हीएएस-१ या वाणाला हॉयल यांच्या नावावरून जॅनिबॅक्टर हॉयली, बी३डब्ल्यू२२ला इस्रोवरून बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बी८डब्ल्यू२२ला आर्यभट व त्यांचेच नाव असलेल्या भारताच्या पहिल्या उपग्रहावरून बॅसिलस आर्यभट्टाय अशी नावे देण्यात आली. नव्या जिवाणूंच्या वर्णनासाठी जी आंतरराष्ट्रीय पत्रिका प्रमाण मानली जाते, तीत २००९ साली हे वर्णन छापून आले. शोधनिबंधाच्या शीर्षकातले शब्द फार जपून निवडलेले आहेत: हे जिवाणू ‘वरच्या वातावरणातली हवा गोळा करण्यासाठी वापरलेल्या नळ्यांमधून’ मिळाले, एवढेच त्यात म्हटले आहे. नळीतून मिळाले हे निश्चित. हवेतून मिळाले हा त्यावरचा निष्कर्ष. अवकाशातून मिळाले हा त्याच्याही वरचा. तीन पायऱ्यांमधले अंतर लेखकांनी स्वतःच राखले होते.

पुरावा किती बोलतो

‘नवी प्रजाती’ या शब्दांनी सर्वांत अधिक घोटाळा केला. नवी म्हणजे आजवर कोणी नाव न दिलेली, परकी नव्हे. पृथ्वीवरच्या जिवाणूंपैकी फार लहान भागाला माणसाने नावे दिली आहेत. शेतातली चिमूटभर माती किंवा गटाराचा गाळ घेऊन चिकाटीने बसले, तर अनामिक जिवाणू कोणालाही सापडतील. तीन नव्या प्रजाती ज्या घराण्यांतल्या निघाल्या, ती घराणीही पाहण्यासारखी आहेत. बॅसिलस हे मातीतले सर्वांत परिचित घराणे. जॅनिबॅक्टर हे १९९७ साली वर्णिले गेले ते सांडपाणी शुद्धीकरणाच्या गाळातून. त्याच्या पहिल्या प्रजातीच्या नावाचा अर्थच ‘चिखलातली’ असा होतो. त्या घराण्याला दोन तोंडांच्या रोमन देव जॅनसचे नाव मिळाले, कारण त्यातल्या पेशी कधी काठीसारख्या तर कधी गोल दिसतात. एका तोंडाने वर आणि एका तोंडाने खाली पाहणारा देव या प्रकरणात यावा, हा योगायोगच.

अतिनील किरणांपुढे टिकण्याचे बळ हा दुसरा मुद्दा. तो ऐकायला भक्कम वाटतो, पण दोन्ही बाजूंना सारखाच उपयोगी पडतो. अवकाशातून आलेला जिवाणू किरणांना पुरून उरलेला असणार, हे खरे. मात्र खालून वर गेलेल्या हजारो जातींच्या पेशींपैकी ४१ किलोमीटरवर जिवंत सापडणारी पेशीही किरणांना पुरून उरलेलीच असणार, कारण न टिकणाऱ्या वाटेतच मेलेल्या असतात. स्थितांबर ही एक चाळणी आहे. चाळणीतून जे उतरते ते एकाच आकाराचे असते, मग धान्य कोणत्याही शेतातले असो. शिवाय किरणांपुढे टिकण्याचे बळ पृथ्वीवर घडूच शकत नाही, असेही नाही. डायनोकॉकस रेडिओड्युरन्स हा जिवाणू १९५६ साली किरणोत्साराने निर्जंतुक केलेल्या डबाबंद मांसात जिवंत सापडला. पृथ्वीवर नैसर्गिकरीत्या कोठेही नसतो इतका किरणोत्सार तो सोसतो, आणि त्याचे बहुतेकांना पटलेले स्पष्टीकरण असे, की कोरडे पडण्यापासून वाचण्यासाठी त्याने डीएनए जोडण्याची जी यंत्रणा कमावली, तीच किरणोत्साराच्या वेळीही कामी येते.

तिसरा मुद्दा नात्याचा, आणि माझ्या मते पृथ्वीच्या बाजूने सर्वांत जड तोच आहे. हे तिन्ही जिवाणू डीएनए वापरतात, आपल्यासारखीच जनुकीय लिपी वापरतात आणि त्यांची ओळख पटवणारे जनुक पृथ्वीवरच्या नातलगांशी जवळजवळ तंतोतंत जुळते. पॅनस्पर्मियाचे समर्थक यावर म्हणतात, की पृथ्वीवरचे सगळेच जीवन जर वरून आले असेल, तर वरचे आणि खालचे नातलग निघणारच. उत्तर चतुर आहे, पण वेळेचा हिशेब त्याच्या आड येतो. हे जनुक फार सावकाश बदलते, तरी काही कोटी वर्षांत त्यात एखाद्या टक्क्याचा फरक पडतोच. वरचे आणि खालचे वंश ३५० कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले असते, तर बॅसिलसच्या घरातच बसेल इतके साम्य उरले नसते. वरचे जिवाणू इतका काळ गोठून निद्रिस्त होते असे म्हटले, तर त्यांच्या जनुकांनी पृथ्वीवरच्या बॅसिलसच्या आजच्या रूपाशी जुळणे अधिकच अवघड होते, कारण इकडचा वंश तर त्या काळात बदलत राहिला आहे. उरतो तो पर्याय म्हणजे देवाणघेवाण सतत चालू असल्याचा. मग प्रत्येक निरीक्षण प्रत्येक बाजूला बसवता येते, आणि जी कल्पना कोणत्याही निरीक्षणाने खोटी ठरू शकत नाही, तिची कसोटी प्रयोगाने घेणेच शक्य राहत नाही.

एवढे सगळे मान्य करूनही खालून आल्याच्या बाजूलाही एक कोडे सोडवावे लागते: इतक्या उंचीवर पेशी पोचते कशी? साधारण एका सहस्रांश मिलिमीटरची पेशी ४१ किलोमीटरवरच्या विरळ हवेत दिवसाला शे-दोनशे मीटर खाली येते, म्हणजे ती तेथे कायम तरंगत राहू शकत नाही. तिचा पुरवठा चालू असावा लागतो. पहिल्या उड्डाणाआधीच्या काळात इतक्या उंचीवर धूळ फेकणारा ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झालेला नव्हता, याकडे प्रयोगाच्या समर्थकांनी बोट दाखवले होते. तथापि, वादळी ढगांच्या माथ्यावर तयार होणारी विद्युत क्षेत्रे विद्युत भारित सूक्ष्म कणांना वर उचलू शकतात, असे गणित २००८ साली मांडले गेले आहे. शिवाय असे काही सापडण्याची ही पहिली वेळही नव्हती. १९७०च्या दशकात सोव्हिएत संशोधकांनी हवामानशास्त्रीय रॉकेटांनी ४८ ते ७७ किलोमीटरवरून नमुने आणले होते आणि त्यांतून वाढले काय, तर कांद्यावर येणारी काळी बुरशी ॲस्परजिलस नायजर आणि तिच्यासारखे परिचित सूक्ष्मजीव. पृथ्वी आपली धूळ वाटते त्याहून उंच उडवते, असा त्याचा साधा अर्थ लावता येतो.

टिकाव धरण्याचा प्रश्नही नंतर मोजला गेला. ऑक्टोबर २०१५मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतून एका फुग्यावरून बॅसिलसचे कणखर बीजाणू ३१ किलोमीटरवर उन्हात उघडे ठेवले गेले, आणि काही तासांत त्यांतले जवळजवळ सगळे मेले. दुसऱ्या बाजूने, जपानच्या तानपोपो प्रयोगात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाबाहेर डायनोकॉकसच्या पेशींचे थर तीन वर्षे ठेवले असता, अर्ध्या मिलिमीटरइतक्या जाडीच्या गोळ्यांमध्ये आतल्या पेशी जिवंत राहिल्या. वरच्या थराने मरून आतल्यांना सावली दिली. दोन्ही मिळून पाहिले तर ४१ किलोमीटरवर सापडलेली जिवंत पेशी एक तर नुकतीच आलेली असली पाहिजे किंवा कशाच्या तरी आडोशाने आलेली असली पाहिजे. नुकतीच कोठून, आणि आडोसा मातीच्या कणाचा की उल्केच्या, हे मात्र अतिनील किरणांच्या मापनातून कळत नाही.

वाढवले की पुसले जाते

आता मूळ गाठीकडे येतो. पेशी बाहेरची की इथली, हे ठरवण्याची एक बऱ्यापैकी खात्रीची खूण आहे: तिच्या अणूंची वजने. कार्बनचे हलके आणि जड असे समस्थानिक असतात, हायड्रोजनचेही असतात, आणि त्यांचे एकमेकांशी प्रमाण ठिकाणानुसार बदलते. रोझेटा यानाने ६७पी या धूमकेतूच्या वाफेत जड हायड्रोजनचे प्रमाण पृथ्वीच्या समुद्रातल्या पाण्याच्या तिपटीहून अधिक मोजले. मर्चिसनच्या अमिनो आम्लांमध्येही जड कार्बन आणि जड हायड्रोजन पृथ्वीवरच्या जैविक पदार्थांपेक्षा अधिक आढळले, आणि ती आम्ले प्रयोगशाळेतल्या बोटांवरून आलेली नाहीत हे पटण्यात त्याचाही वाटा होता. धूमकेतूच्या पाण्यावर आणि कार्बनवर वाढलेला जिवाणू असेल, तर त्याच्या शरीरातही असेच वेगळे प्रमाण दिसले पाहिजे.

पण हे प्रमाण मूळ पेशीत असते, तिच्या वंशजांत नाही. नळीतली एक पेशी प्रयोगशाळेतल्या पोषक थरावर ठेवली, की ती त्या थरातला, म्हणजे पृथ्वीवरचा, कार्बन खाऊन वाढते. वीस वेळा दुप्पट झाल्यावर एका पेशीच्या दहा लाखांहून अधिक पेशी होतात. त्यांतल्या सगळ्या द्रव्यापैकी मूळ पेशीतून आलेला भाग दहा लाखांत एकाहूनही कमी उरतो. डोळ्यांना दिसेल एवढी वसाहत तयार होईपर्यंत ती आपली मूळची खूण केव्हाच गमावून बसते. पेशी जिवंत आहे हे सिद्ध करण्यासाठी तिला वाढवावे लागते, आणि तिला वाढवले की ती कोठून आली हे सांगण्याचे सामर्थ्य संपते. न वाढवता मोजायचे, तर एकेका पेशीतले समस्थानिक मोजणारे आयन-शलाकेचे उपकरण लागते, आणि मोजताना ती पेशी जाळली जाते. मग ती जिवंत होती की नाही हे कळत नाही.

वाढवण्यात आणखी एक निवड लपलेली असते. पृथ्वीवरचेसुद्धा बहुसंख्य जिवाणू प्रयोगशाळेतल्या थाळीत वाढत नाहीत. आपण जे अन्न मांडतो, ते पृथ्वीवरच्या आणि त्यातही सहज वाढणाऱ्या जिवाणूंचे अन्न असते. ओळख पटवण्यासाठी जनुकाचे जे तुकडे वापरतो, तेही पृथ्वीवरच्या जिवाणूंवरून बेतलेले असतात. असे जाळे टाकून आपल्याच तळ्यातला मासा हाती आला, तर त्यात नवल नाही. खरोखर परका असता, तर तो या जाळ्यातून निसटूनच गेला असता.

या गाठीतून बाहेर पडण्याचा एक मार्ग २००५च्या प्रयोगाच्या रचनेतच होता, आणि तो पुरेसा वापरता आला नाही याची मला चुटपुट वाटते. नळ्या वेगवेगळ्या उंचीवर उघडल्या होत्या. जिवाणू खालून येत असतील तर उंचीबरोबर त्यांची संख्या घटत गेली पाहिजे. वरून पडत असतील तर तशी घटण्याचे कारण नाही. मुळाचा प्रश्न नात्याने सुटत नसेल, तर उताराने सुटू शकेल. मात्र त्यासाठी प्रत्येक उंचीवरच्या पेशी न वाढवता मोजाव्या लागतात, आणि त्याही शेकड्यांनी. अठरा वसाहतींची सोळा नळ्यांमध्ये वाटणी केली, तर त्यातून उताराची रेघ काढता येत नाही. पुढच्या कोणत्याही प्रयत्नात, वर जाऊन न उघडता परत आलेली एक नळी, न वाढवता मोजायला राखलेला एक भाग आणि वाढवायला दिलेला दुसरा भाग, असे नमुन्याचे वाटप आधीच ठरवावे लागेल.

तीन नावांचे पुढे काय झाले

काही वर्षांतच बॅसिलस आर्यभट्टाय जमिनीवर सापडू लागला. २०१४ साली मध्य भारतातल्या काळ्या जमिनीत सोयाबीनच्या मुळांजवळून त्याचे वाण मिळाल्याचे आणि ते जमिनीतले जस्त विरघळवून सोयाबीन व गव्हाच्या पिकांना मिळवून देत असल्याचे प्रसिद्ध झाले. त्यानंतर पिकांच्या वाढीसाठी उपयोगी जिवाणू म्हणून त्याच्यावर बरेच काम झाले आहे. ४१ किलोमीटरवरच्या शोधातून पुढे आलेले नाव शेतकऱ्याच्या काळ्या रानात रुजले. २०१९ मध्ये जनुकसंचांच्या तुलनेवरून असाही निष्कर्ष मांडला गेला, की आर्यभट्टाय ही वेगळी प्रजाती नसून १८८४ साली वर्णिलेल्या बॅसिलस मेगॅटेरियमचेच ते दुसरे नाव आहे. इस्रोनेन्सिस टिकला, पण त्याचे घराणे बदलून त्याला सॉलिबॅसिलसमध्ये नेण्यात आले. त्या नावातला पहिला भाग मातीवाचक आहे. हॉयली तेवढा आपल्या घरात राहिला.

तिन्हींचे मूळ वाण चंदीगडच्या सूक्ष्मजीव संग्रहात जपलेले आहेत, आणि प्रतिकृती परदेशातल्या संग्रहांतही आहेत. ज्याला अभ्यास करायचा त्याला ते मिळतात. त्यांच्या जनुकांचे क्रम वाचता येतात, त्यांना अतिनील दिव्याखाली ठेवून पुन्हा मोजता येते, जमिनीतल्या भावंडांशी ताडून पाहता येते. पण त्या कुप्यांमध्ये आज जे आहे, ते २००५ नंतर असंख्य वेळा दुप्पट झालेल्या वंशजांचे पीठ आहे, आणि त्यातला कार्बन चंदीगडच्या पोषक थरातला आहे.